ताई करते तसे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आदर्श’ हे सूत्र मुक्रर केल्याचे पत्र पाठवले, तेव्हा संत, सेनानी, शास्त्रज्ञ आणि समाजधुरीण यांची वाटणी इतर लेखकांत आधीच होऊन गेलेली असणार, हे मी गृहीत धरले. आणि ती झालेली नसती तरी माझे मन त्या थोर मंडळींकडे वळले असते असे वाटत नाही. ज्याचे चरित्र वाचून माणूस घडतो, तो आदर्श माणसाला फार उशिरा भेटतो. त्याच्या कितीतरी आधी, ज्या वयात मूल कोणाचेही चरित्र वाचू शकत नाही पण भेटेल त्याचे वागणे मात्र टक लावून पाहत असते, त्या वयात घराबाहेरचे पहिले वडीलधारे माणूस म्हणून त्याच्या वाट्याला येते ती बालवाडीची बाई किंवा अंगणवाडीची ताई. तिचे पुतळे नाहीत, तिची जयंती नाही, आणि सरकारी दप्तरात तर ती शिक्षिका म्हणूनही नोंदलेली नाही. तरीही चपला कुठे काढाव्यात, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कसे थांबावे, रडणाऱ्याजवळ जावे की त्याच्यापासून दूर व्हावे, या गोष्टी महाराष्ट्रातील लक्षावधी मुले प्रथम तिच्याकडे पाहून शिकतात.

‘मुलांसमोर आदर्श ठेवा’ हा उपदेश शिक्षकांना करण्याचा आपल्याकडे फार जुना शिरस्ता आहे. हा आदर्श खोलीच्या चार भिंतींत प्रत्यक्ष कसा घडतो, मुले त्यातले काय उचलतात, काय सोडतात, आणि तो घडवणाऱ्या बाईपाशी त्याकरिता लागणारी सवड व स्वस्थता असते की नाही, याची चौकशी मात्र क्वचितच होते. ती करावी म्हणून भाद्रपदाच्या अखेरीस मी पश्चिम रेल्वेने डहाणू रोड स्टेशनवर उतरलो. याच तालुक्यात, बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि कोसबाडच्या टेकडीवर, मराठी मुलखातील ग्रामीण बालशिक्षणाने आपली पहिली ठाम पावले टाकली होती.

पाड्यावरची सकाळ

चिकूच्या वाड्या मागे पडल्या की रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्ही बाजूंना पोटरीला आलेला भात लागतो. ज्या वारली पाड्यावर मी गेलो तेथील अंगणवाडी म्हणजे एक खोली, तिला लागून स्वयंपाकाची अर्धी खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. आत सतरंजी, भिंतीवर प्राण्यांचे व भाज्यांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा, आणि खुंटीवर, मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर, रजिस्टरांनी फुगलेली एक कापडी पिशवी. मदतनीस, जिला मुले मावशी म्हणतात, चूल पेटवून डाळ-तांदूळ निवडीत बसली होती. ताई आली, तिने पडवीच्या कडेला चपला काढल्या, टाचा भिंतीकडे करून नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली. कोणालाही काही सांगितले नाही. मागून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी आपापल्या चपला तशाच ठेवल्या. एका धिटुकल्याने तर आधी भिरकावलेली चप्पल परत येऊन उचलली, रांगेत लावली, आणि शेजारच्याची वाकडी होती तीही सरळ केली.

सर्वांत पाहण्यासारखा प्रसंग घडला तो हात धुण्याच्या वेळी. खाऊची वेळ झाल्यावर मावशीने पिंपातून तांब्याने पाणी घालायचे आणि ताईने प्रथम स्वतः हात धुऊन दाखवायचे, असा तेथील क्रम होता. ताईने दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सारल्या, साबणाची वडी तळव्यावर फिरवली, हाताची मागची बाजू चोळली, बोटे बोटांत गुंफून बेचक्या धुतल्या, अंगठा मुठीत धरून फिरवला आणि हात झटकले. मग मुलांची पाळी आली. चारेक वर्षांचा एक मुलगा पुढे सरकला. त्याच्या हातात बांगडी तर नव्हतीच, काळा दोराही नव्हता; परंतु त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या नसलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, मग डाव्या हाताने उजव्या मनगटावरच्या सारल्या, आणि त्यानंतरच साबणाला हात घातला. त्याच्या मागच्या मुलानेही तेच केले. मी हसलो तशी ताई म्हणाली, “पयल्यापासून असंच करतात. मी आधी सांगायची, अरे तुला कुठं बांगड्या? मंग सोडून दिलं. हात तर चांगले धुतात ना!”

मुलगा काय शिकला होता हे विचार करण्याजोगे आहे. हात धुण्याचे प्रयोजन त्याला ठाऊक असेल किंवा नसेलही. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा रंगीत तक्ता होता, पण त्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. ताई हे काम ज्या तन्मयतेने करते ती संपूर्ण रीतच त्याने आत्मसात केली होती, आणि तीतला कोणता भाग आवश्यक व कोणता आनुषंगिक, ही निवड त्याने अद्याप केलेली नव्हती. ताईने घाईघाईत दोन बोटे ओली करून पदराला पुसली असती, तर तेही त्याने तितक्याच निष्ठेने उचलले असते.

नक्कल आणि अक्कल

मुले नक्कल करतात हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज नाही. परंतु ती कशाची, केव्हा आणि किती करतात, हे गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील प्रयोगांनी बारकाईने दाखवून दिले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील ७२ मुलांवर आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९६१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यांत अग्रगण्य मानला जातो. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला लाथा घातल्या, मोगरीने बडवले आणि विशिष्ट उद्गार काढले. काहींसमोर प्रौढ व्यक्ती शांतपणे दुसऱ्याच खेळण्यांशी खेळत बसली. आणि उरलेल्यांना काहीच दाखवले गेले नाही. पुढे तोच बाहुला समोर आला, तेव्हा मारहाण पाहिलेल्या मुलांनी मारहाणच केली, आणि तीही पाहिलेल्या विशिष्ट प्रकारांनी व ऐकलेल्या विशिष्ट शब्दांसकट. त्यांना कोणी तसे करायला सांगितले नव्हते, त्याबद्दल बक्षीसही ठेवले नव्हते. नुसते पाहणे पुरेसे झाले.

यावरून मूल हे निर्बुद्ध अनुकरण करणारे यंत्र आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. हंगेरीतील ग्यॉर्गी गेर्गेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चौदा महिन्यांच्या तान्ह्यांवर केलेला प्रयोग मोठा मार्मिक आहे. एका बाईने समोरच्या दिव्याच्या पेटीला कपाळ टेकवून दिवा लावला. तिचे हात मोकळे असूनही तिने कपाळ वापरले, तेव्हा बहुसंख्य मुलांनीही पुढे कपाळच टेकवले; परंतु तिने थंडी वाजत असल्याचे दाखवून अंगाभोवती शाल लपेटली होती आणि हात आत गुंतले होते, तेव्हा बहुसंख्य मुलांनी सरळ हाताने दिवा लावला. बोलताही न येणाऱ्या त्या मुलांनी जणू एवढा विवेक केला होता, की हात अडकले म्हणून तिने डोके वापरले, आपले तर मोकळे आहेत. आणि हात मोकळे असून जर ती डोके वापरते, तर त्यात काहीतरी हेतू असला पाहिजे.

हेतूवरचा हा विश्वास किती खोल जातो, ते व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. पेटीतून खाऊ काढण्याची एक रीत त्यांनी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दाखवली; तीत काही क्रिया मुद्दाम निरर्थक ठेवल्या होत्या. पेटी पारदर्शक असून त्या क्रियांचा उपयोग नाही हे उघड दिसत असताना चिंपांझींनी त्या गाळल्या आणि खाऊ मिळवला. मुलांनी मात्र त्या निरर्थक क्रियाही इमानाने केल्या. माकडापेक्षा माणसाचे पोर अडाणी, असा याचा अर्थ नाही. मोठ्या माणसाने मुद्दाम करून दाखवले ते विनाकारण नसणार, या विश्वासावरच भाषा, विधी, शिष्टाचार आणि कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात. हा विश्वास नसता तर संस्कृती नावाची वस्तू अस्तित्वात आली नसती. डहाणूच्या पाड्यावर नसलेल्या बांगड्या सारणारा मुलगा हेच करीत होता. ताईच्या कृतीला काही अर्थ आहे, हे त्याने मनापासून मान्य केलेले होते. शिक्षकाला याहून मोठा मान मिळत नाही, आणि याहून मोठी जोखीमही नाही.

बोर्डीच्या अंगणात

हा विश्वास संपादन कसा करावा, याचे धडे या तालुक्याने फार पूर्वी घेतले आहेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि माँटेसोरीच्या विचारांना गुजराती घरादाराचा पेहराव चढवला. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक दाखल झाल्या. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेली ही विदुषी पुढे बालशिक्षणाची महाराष्ट्रातील अध्वर्यू ठरली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मात्र शहरी, सुस्थित घरांतील मुलांपुरते हे शिक्षण मर्यादित राहिले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न ताराबाईंना सतावीत राहिला, आणि १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डी गाठली. त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य पदरी आलेल्या या बाईने ताराबाईंची साथ त्यांच्या १९७३ मधील निधनापर्यंत सोडली नाही, आणि नंतरही १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ते काम चालवले.

बोर्डीत त्यांनी गावात बालवाडी काढली, तेव्हा दूरच्या वस्त्यांतील, विशेषतः दलित आणि आदिवासी घरांतील मुले तेथे येईनात. आई-बाप दिवस उगवताच मजुरीला जात, थोरले भावंड धाकट्याला सांभाळी, आणि गावातल्या स्वच्छ खोलीत पाऊल टाकण्याचा संकोच वेगळाच. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पालकांच्या नावाने बोटे मोडणे हा आपल्या शिक्षणखात्याचा नित्याचा परिपाठ. या बायकांनी तो मोडला आणि शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना प्रथम न्हाऊ घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. साहित्य म्हणून परदेशी बनावटीचे महागडे ठोकळे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, खडे आणि काड्या यांतूनच मोजणे, लावणे व रचणे शिकवले गेले. आणि जी मुले गुरे राखण्यापायी अंगणातही येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी पुढे कोसबाडला कुरणशाळा निघाली. म्हणजे शिक्षिका गुराख्यांमागे कुरणात गेली.

१९५६ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हलले, १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, आणि त्यांची कीर्ती झाली. पण मला या कथेत रस आहे तो एका गोष्टीमुळे. सुशिक्षित, ब्राह्मणी वळणाच्या घरांतून आलेल्या या बायका वस्तीवर गेल्या, आणि ज्यांना स्पर्श करणे त्या काळी विटाळ मानला जाई त्यांच्या पोरांची नाके त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली. अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्यान समजण्याचे त्या मुलांचे वय नव्हते. आपल्या डोक्यावरून या बाईचा हात न बिचकता फिरतो, एवढे मात्र त्यांना कळत होते. आणि अंगणाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्या मोठ्यांनाही ते कळत होते. उपदेशाविना आदर्श कसा उभा राहतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्यातलीच बाई

ताराबाई आणि अनुताई बाहेरून आल्या. आजची अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी असावी असा नियम आहे, आणि या नियमाचे शैक्षणिक मोल सहसा कोणी मांडत नाही. मी पाहिलेली ताई त्याच पाड्यावर नांदायला आलेली वारली बाई. मुले आली की ती घरच्या वारलीत त्यांची विचारपूस करी, गोष्ट सांगताना हळूहळू मराठीकडे वळे, आणि एखादे मूल गोंधळले की पुन्हा वारलीत येई. तीन वर्षांच्या मुलाला यातून मिळणारा संदेश फार मोठा आहे: आपण घरी बोलतो ती बोली सतरंजीवर बसूनही बोलता येते, तिची लाज वाटायचे कारण नाही. शिवाय या मुलांनी लेखणी हाती धरून काम करणारी जी पहिली बाई पाहिली, ती साहेबाच्या गाडीतून उतरलेली नाही. ती आपल्याच विहिरीवर पाणी भरते आणि आपल्याच आईबरोबर लावणीला उभी राहते. “पोरी मला बघून सांगतात, मी पण ताई होणार,” असे ती म्हणाली, आणि लगेच हसून पुढे म्हणाली, “मी सांगते, ताईपेक्षा मोठी हो.”

मात्र हेच नाणे उलटेही पडते. अमेरिकेतील पहिली-दुसरीच्या वर्गांवर सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती असे, त्यांच्या वर्गातील मुलींपैकी अनेकींनी वर्षाअखेर ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ ही समजूत उचललेली होती आणि त्यांचे गणितातील यशही खालावले होते. मुलांवर मात्र हा परिणाम दिसला नाही. शिक्षिकेने ‘मुलींनो, तुम्हाला गणित जमणार नाही’ असे शब्दांत सांगितले नसणारच. मुली बाईकडे बाई म्हणून पाहत होत्या आणि तिची भीती आपलीशी करीत होत्या. मग मुलग्यांनी कोणाकडे पाहायचे? गिजुभाईंना गुजरातेत लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणत. पण त्यांच्यानंतर शतक उलटले तरी बालवाडीत पुरुष शिक्षक दिसत नाही. अंगणवाडीचे पद तर स्त्रियांसाठीच आहे. लहानग्याचे नाक पुसणे हे बाईचेच काम, हा धडा आपण असा संस्थेच्या रचनेतूनच देऊन ठेवला आहे.

शहरातील एक वर्ग

डहाणूहून परतल्यावर पुण्यातील एका खाजगी बालवाडीत काही सकाळी बसण्याची परवानगी मिळवली. येथे ताईऐवजी ‘टीचर’, सतरंजीऐवजी रंगीत खुर्च्या, आणि भिंतीवर रोमन अक्षरे. एका वर्गातील शिक्षिका मुलांना गप्प करण्याकरिता ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा आपल्या सर्वांच्या बालपणीचा हुकूम दर पाच मिनिटांनी सोडीत असे, आणि मुले तो पाळीतही. पण तिची पाठ वळली, की एक मुलगी उठून शेजारच्या मुलाच्या तोंडावर स्वतःचे बोट दाबी आणि त्याच करड्या आवाजात तोच हुकूम देई. शिस्त तिच्यात उतरली नव्हती, दुसऱ्यावर हुकमत चालवण्याची रीत उतरली होती.

शेजारच्या वर्गातील शिक्षिका वेगळ्या घडणीची. नव्याने दाखल झालेला एक मुलगा आईसाठी रडत होता. ‘आई बाहेरच बसली आहे, आत्ता येईल’ हे सोयीचे असत्य अशा वेळी सर्रास सांगितले जाते; या बाईंनी त्याला कडेवर घेऊन सांगितले, “आई कामाला गेली आहे. आपण डबा खाऊ, गोष्ट ऐकू, घंटा होईल, मग आई येईल.” तो रडतच राहिला. डबा झाला, गोष्ट झाली, घंटा झाली, आई आली. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यानंतर स्वतःच विचारले, “आता गोष्ट ना?” रडणे थांबले नव्हते, पण त्याला आता क्रम सापडला होता. मुलांची स्मरणशक्ती याबाबत निष्ठुर असते. तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर एक व्यक्ती परिचित वस्तूंची नावे बरोबर सांगते आणि दुसरी चुकीची सांगते, तर पुढे अनोळखी वस्तूचे नाव विचारताना मुले पहिलीकडेच वळतात, हे मेलिसा कोनिग, पॉल हॅरिस आदींच्या प्रयोगांनी २००४ पासून वारंवार दाखवले आहे. मोठ्यांवरचा विश्वास मुलांकडे मुबलक असतो खरा, पण ती त्याचा हिशेब ठेवतात.

याच बाईंनी एकदा एका मुलीवर रंग सांडल्याचा आळ घेतला. नंतर खरा प्रकार कळला. वर्ग सुरू असतानाच त्या खाली बसल्या, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या आणि म्हणाल्या, “मी तुला उगीच रागावले. माझं चुकलं.” मुलगी काहीच बोलली नाही. चार वर्षांच्या बावीस मुलांनी मात्र पाहिले, की मोठ्या माणसाकडूनही चूक होते, ती कबूल करता येते, आणि कबूल केल्याने आकाश कोसळत नाही. आदर्श म्हणजे निर्दोष वर्तन, अशी आपली समजूत असते. निर्दोष माणसाकडून मूल एवढेच शिकेल, की चूक लपवावी. चुकीनंतर काय करावे हे चुकणाऱ्या माणसाकडूनच शिकता येते.

दप्तर आणि मूल

पाड्यावरील अंगणवाडीकडे पुन्हा वळायला हवे, कारण तेथे मी पाहिलेला एक खेळ या साऱ्या प्रकरणाचा गाभा उघड करतो. खिचडी खाऊन झाल्यावर मुले पडवीत ‘अंगणवाडी-अंगणवाडी’ खेळत होती. पाचेक वर्षांची एक मुलगी ताई झाली होती. तिने चार मुलांना ओळीत बसवले, पानांचे ताट प्रत्येकापुढे ठेवले, एकाने पानाला हात लावताच “थांब!” म्हणून दरडावले, कमरेला खोचलेला कौलाचा चपटा तुकडा काढला, दोन्ही हातांत आडवा धरला, एक डोळा मिटला आणि बोटाने तुकड्यावर टिचकी मारली. मग तुकडा उंच धरून ती पडवीच्या टोकाला गेली, आकाशाकडे पाहिले, परत आली आणि म्हणाली, “रेंज नाय. परत बसा.” मुले पुन्हा ताठ बसली. दुसऱ्यांदा टिचकी मारून झाल्यावरच खाण्याची परवानगी मिळाली.

हा अभिनय समजण्याकरिता ताईच्या कामाचा पसारा ध्यानी घ्यावा लागतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज देशात सुमारे १४ लाख, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या तिच्याखाली चालतात. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व आहारशिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि संदर्भसेवा अशा सहा सेवा एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या हातून पार पडायच्या असतात. गरोदर व स्तनदा मातांच्या गृहभेटी, वजन, उंची, दंडघेर, घरी न्यायच्या शिध्याचे वाटप, आदिवासी भागात २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेतील अंडी-केळी, आणि अधूनमधून मतदारयाद्यांचे कामही. २०२१ पासून यातले बरेचसे ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइलवरील प्रणालीत नोंदवायचे असते. आता तर शिधा घ्यायला आलेल्या मातेचा चेहराही मोबाइलने ओळखावा लागतो. पाड्यावर नेटवर्क लहरी असते. मुलांची गोष्ट रंगात आलेली असताना ताई उठते, मोबाइल उंच धरून पडवीच्या टोकाला जाते. राक्षस अर्ध्या वाटेवर ताटकळतो आणि मुले वाट पाहतात. “फोटो नाय चढला तर वरून फोन येतो,” ती म्हणाली, “गोष्ट नाय सांगितली तर कोणाचा येत नाय.”

या एका वाक्यात आपल्या बालशिक्षणाचा जमाखर्च आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्प्याची म्हणून एकत्र बांधली, २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये खेळण्या-पुस्तकांचा ‘जादुई पिटारा’ आणि सेविकांसाठी ‘पोषण भी, पढाई भी’ हा प्रशिक्षणक्रम आला. कागदावर बालशिक्षणाला एवढे महत्त्व पूर्वी कधीच मिळाले नव्हते. पण तपासणी ज्याची होते तेच काम टिकते, आणि तपासणी होते ती नोंदींची. म्हणूनच मुलांच्या खेळातली ताई गोष्ट सांगत नव्हती, गाणे म्हणत नव्हती; ती फोटो काढीत होती. मुलांनी ताईचे अनुकरण केले खरे, पण त्या अनुकरणातून दिसत होते ते तालुक्याचे आणि मंत्रालयाचे वर्तन.

आदर्शाचा खर्च

सेविकेला पगार नसतो, मानधन असते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ पासून ठरवलेला दर दरमहा ४,५०० रुपये, मदतनिसाला २,२५०. राज्ये त्यात आपापली भर घालतात, महाराष्ट्रही घालतो. या मानधनासाठी आणि निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुकारलेला संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. गुजरातमधील सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदानाचा हक्क असल्याचा निवाडा दिला आणि त्यांचे काम अर्धवेळचे मानता येणार नाही अशी भूमिका घेतली. सेवा, मान, त्याग अशा उदात्त शब्दांनी गौरवलेल्या बाईला निवृत्तीच्या वेळी मिळायच्या रकमेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे तिच्या आदर्शत्वाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवलेले बरे.

मुलांना मानधनाचा आकडा कळत नाही. परंतु ताईशी मोठी माणसे कसे बोलतात हे त्यांना उत्तम कळते. त्याच पाड्यावर पूर्वी येणारी एक पर्यवेक्षिका, ताईच्या सांगण्याप्रमाणे, आल्याबरोबर रजिस्टरे मागवून मुलांदेखत तिला फैलावर घेई. त्या दिवसांत मुले उठसूट एकमेकांना ‘रजिस्टर दाखव’ म्हणून धमकावीत. हल्ली येणाऱ्या बाई प्रथम सतरंजीवर मुलांत बसतात, गाणे म्हणून घेतात, आणि रजिस्टरांचे बोलणे मुले घरी गेल्यावर करतात. तपासणी तितकीच कडक आहे, चुका तितक्याच काढल्या जातात. फरक एवढाच, की आपल्या ताईचा मान राखला जातो, हे मुलांच्या डोळ्यांदेखत घडते.

याला मोठ्या योजना लागत नाहीत. मुले हजर असतात त्या पहिल्या दोन तासांत मोबाइल पिशवीत राहील आणि नोंदी त्यानंतर होतील असा एक साधा आदेश, मानधन ठरल्या तारखेला, अधिकाऱ्याने सेविकेशी मुलांसमोर बोलण्याची सभ्य रीत, आणि दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांचा पट तेथील अंगणवाडीकडे तत्परतेने सोपवण्याची व्यवस्था, एवढ्याने बरेच साधेल. ताराबाई आणि अनुताई यांनी शाळा अंगणात नेली, कारण मुलाला आदर्श हवा असेल तर आदर्शाने मुलाजवळ असले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. आजची ताई अंगणात पोहोचलेली आहे. आपणच तिला फोनवर बोलावून पडवीच्या टोकाला उभे केले आहे. तिने मुलांशी कसे वागावे, याची परिपत्रके पुरेशी निघाली आहेत. आपण तिच्याशी कसे वागतो, हेही मुले तिच्यामार्फत शिकत आहेत, आणि त्या धड्याची जबाबदारी तिच्यावर टाकता येणार नाही.